ज्वारीची सर्दी

सूत गुंडाळलेल्या बीमांची हातगाडी गल्लीच्या तोंडाशी आडवी अडकली होती. पुढे जाता येईना, मागे वळता येईना, म्हणून मी स्कूटर बंद केली आणि पाय टेकून उभी राहिले. भवानी पेठेत हे रोजचंच आहे. गाडीवाला तेलुगूत कुणाला तरी हाक मारतो, कुणी तरी येऊन चाक उचलतं, रस्ता मोकळा होतो. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी मेसेज उघडला. एरवी मी तो कॉलेजात जाऊन वाचला असता, खुर्चीत बसून, पाणी पिऊन, माणसासारखा. इथे ऊन तोंडावर, दोन्ही बाजूंच्या मागांचा खडखडाट कानात, आणि मागे रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. "मॅडम, नमस्कार. गुरुवारी सोलापुरात येतेय. जे-४ ची मूळ स्लँट तुमच्याकडे असेलच. आमच्याकडच्या मूळ कल्चरमध्ये भेसळ निघाली. ते मिळालं नाही तर सगळं अडतंय. तुमच्याशिवाय कुणाकडे नाही. अंकिता." मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा फोन परत पर्समध्ये टाकावासा वाटला. अंकिताचं नाव दिसलं की हल्ली तसंच होतं. दुसऱ्यांदा राग आला, त्या 'असेलच'चा. जणू मी तिच्या जिवाणूंच्या नळ्या राखायला बसलेली. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. सगळं अडतंय, असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. "ओ मॅडम, निघा की!" रिक्षावाला ओरडला, तेव्हा मी वर बघितलं. हातगाडी केव्हाच गेली होती.

अंकिता माझी विद्यार्थिनी. अकरा वर्षांपूर्वी ती माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती, हॉस्टेलवर राहायची आणि शनिवारी पॅसेंजरनं जेऊरला घरी जायची. आता ती बंगळुरूच्या मोठ्या संस्थेत शास्त्रज्ञ आहे, आणि मी जिथं होते तिथंच आहे, त्याच लॅबमध्ये, त्याच सिंकपाशी, जिचा नळ तेव्हाही गळत होता. गेल्या महिन्यात पेपरात तिचा फोटो आला. वर मथळा, 'ज्वारीला हवेतून खत, सोलापूरच्या लेकीची कमाल.' हवेतून खत! असं लिहिणाऱ्याला मी पहिल्याच वर्षी नापास केलं असतं. हवेत नत्र हवं तेवढं आहे, पण पिकाला ते खाता येत नाही. काही जिवाणूंना ते पकडून पिकाला खाण्याजोगं करता येतं. कडधान्यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यात ते राहतात. ज्वारीला गाठी नसतात. पण ज्वारीच्या खालच्या पेरांना ज्या मुळ्या हवेत लोंबतात, त्यांना कधी कधी चिकट द्रव सुटतो आणि त्यात असले जिवाणू राहतात. गंमत अशी की शेतात युरिया पडला की हे जिवाणू हात आखडता घेतात. आयतं मिळतंय तर राबा कशाला. त्यांच्या अंगात एक खटका असतो, तो काम बंद पाडतो. अंकितानं तो खटकाच काढून टाकला. आता तिचा जिवाणू युरिया असो नसो, राबतच राहतो, आणि निम्म्या युरियात ज्वारी तेवढीच येते म्हणे. हे सगळं मला समजतं, तिच्या शोधनिबंधातली ओळ न् ओळ समजते, हेच माझं दुखणं. समजलं नसतं तर मीही शेजारणीसारखी कौतुकानं पेढे मागितले असते. त्या दिवशी आमच्या यजमानांनी पेपर वाचून दाखवला, वर म्हणाले, "तुझ्या विद्यार्थिनीचं नाव झालं म्हणजे तुझंच झालं की." अभिमन्यू विमा कंपनीत आहेत, त्यांना वाटतं की नावसुद्धा वारसाला मिळतं. मी उठून कुकर लावायला गेले. तांदूळ तीनदा धुतले.

आणि जिवाणू कुणाचा? हा प्रश्न मी मनात इतक्या वेळा लढले आहे की त्याचे दोन्ही बाजूंचे वकील मला पाठ झालेत. बघितलं तिच्या आईनं. आणलं अंकितानं. पण प्लेटवर घालून वाढवला मी. सोमवारी सकाळी ती औषधाच्या बाटलीत काही तरी पारदर्शक, लोंबतं घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या ज्वारीला सर्दी झालीया असं आई म्हणते." वर्गातली मुलं हसली. मी नाही हसले. मी पुढच्याच शनिवारी तिच्याबरोबर जेऊरला गेले. स्टेशनपासून रावजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मला मोटरसायकलवर मागे बसवून नेलं, आणि अंकिता चालत आली. विहिरीच्या पाटालगत चार ओळी होत्या. त्यांना युरिया द्यायचा राहून गेला होता आणि तरीही त्या बाकीच्या शेताएवढ्याच हिरव्या होत्या. सकाळचं दव होतं. बजाबाईंनी, तिच्या आईनं, पदर खोचला, खाली बसून ज्वारीचं एक ताट वाकवलं आणि म्हणाल्या, "बगा की बाई, नुसता शेंबूड गळतोय. रोग म्हनावा तर दाना बी झकास भरलाय. औषीद मारावं का न्हाय, तेवडं सांगा." मी म्हटलं, औषध मारू नका. बोटावर घेतलं तर थंडगार लागलं, आणि मला आतून असं काही झालं की आजही त्या बोटाला ते आठवतं. तेरा वेगवेगळे जिवाणू त्यातून मी काढले. चौथा सगळ्यांत चांगला वाढला, ज्यात नत्राचा कणही नाही अशा खाद्यावर. त्याला मी नाव दिलं जे-४. म्हणजे जेऊर. अंकिताच्या गावाचं नाव मी माझ्या हातानं त्याच्या कपाळावर लिहिलं, आणि आता तक्रार करते आहे.

पण खरी जखम वेगळीच आहे, आणि ती मी कुणालाच दाखवलेली नाही. जिवाणू खरंच नत्र पकडतो का हे तपासायची एक रीत आहे. बंद बाटलीत त्याला अॅसिटिलीन वायू देतात. तो कामाचा असेल तर त्याचं इथिलीन करतो, आणि यंत्राच्या कागदावर अॅसिटिलीनच्या शिखराशेजारी इथिलीनचं दुसरं शिखर उमटतं. आमच्याकडे ते यंत्र कुठलं. पुण्यात एका प्रयोगशाळेत ओळखीनं दोन तासांची वेळ मिळाली. वायू आम्ही कार्बाइडवर पाणी टाकून लॅबमध्येच केला, आंबे पिकवतात त्या कार्बाइडवर. चौदा बाटल्या भरल्या. गाडीत अंकितानं त्या मांडीवर ओढणीत गुंडाळून धरल्या होत्या, कुर्डुवाडीपर्यंत पायाला मुंग्या आल्या तरी हलली नाही. यंत्रानं पहिलं मोठं शिखर काढलं, आणि शेजारी, जिथं यायला हवं तिथंच, दुसरं लहान शिखर. दोन मिनिटं मी या जगातली सगळ्यांत सुखी बाई होते. मग यंत्रावरच्या माणसानं सहज विचारलं, "ब्लँक कुठाय?" म्हणजे जिवाणू न घातलेली, नुसता वायू भरलेली बाटली. कार्बाइडच्या वायूत मुळातच थोडं इथिलीन असतं. ते किती आहे हे रिकाम्या बाटलीवरून कळतं. पोरांना मी हे दरवर्षी फळ्यावर लिहून देते. आणि चौदा बाटल्यांत रिकामी एकही नव्हती. आनंदाच्या भरात सगळ्यांत मी जे-४ आणि त्याचे भाऊ घालून ठेवले होते. अंकिता म्हणाली, "मॅडम, हितंच एक बाटली धुवू आणि गॅस भरू की. इस मिनटं हायत." घाईत तिची गावची भाषा यायची. मी म्हटलं, नको, वेळ पुरायचा नाही. वेळ पुरला असता. एक बाटली धुवायला वीस मिनिटं लागत नाहीत. पण त्या रिकाम्या बाटलीतही तेच शिखर आलं असतं तर? ते दुसरं शिखर माझं होतं, नुकतं जन्मलेलं, आणि ते खोटं निघण्यापेक्षा ते खरं की खोटं हे कधीच न कळलेलं मला परवडणार होतं. परत आल्यावर मी वहीत लाल पेनानं लिहिलं, 'वायूतील अशुद्धी असण्याची शक्यता. काम थांबवावे.' किती शहाणं दिसतं ते वाक्य. कुणालाही वाटावं, काय काटेकोर बाई आहे.

अंकिता पास झाली, शिष्यवृत्ती मिळवून बंगळुरूला निघाली, आणि जाताना संकोचत म्हणाली, "मॅडम, जे-४ ची एक स्लँट नेऊ का?" मी म्हटलं, ने की, माझ्या काय कामाची. हे मी कुठल्या तोऱ्यात म्हटलं होतं ते मला नीट आठवतं. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला जुनी साडी द्यावी तशी दिली. दोन वर्षांनी तिचा फोन आला. मागे माणसं बोलत होती, ती ओरडत होती, "मॅडम, ब्लँक सपाट! जे-४ ला शिखर, ब्लँक सपाट! तुमचं बरोबर होतं!" मी छान म्हटलं. फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मला ताप भरला आणि तीन दिवस उतरला नाही. सगळ्यांना मी व्हायरल सांगितलं. तुमचं बरोबर होतं, असं ती म्हणाली होती. पण माझं बरोबर कुठं होतं, मी तर लाल पेनानं ते चूक आहे असं लिहून ठेवलं होतं. एका रिकाम्या बाटलीचं अंतर आमच्यात, आणि ती ते अर्ध्या दिवसात चालून गेली. गुरूची विद्या गुरूला फळली, असं लोक हसून म्हणतात. ज्याला फळते त्याला विचारा.

मेसेज आला त्या दिवशी मी कॉलेजात पोचले ती सरळ फ्रीजपाशी. तिप्पण्णा बाटल्या धूत होते. ते आमचे लॅब-अटेंडंट, अक्कलकोटकडचे, माझ्याआधीपासून इथं आहेत आणि येत्या जूनमध्ये निवृत्त होतील. "काय हुडकताय मॅडम?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. खालच्या कप्प्यात, कापसाच्या बोळ्यांच्या डब्यामागे, ती स्लँट होती. काचेच्या नळीत तिरपं गोठवलेलं खाद्य, त्यावर पांढरट साय, आणि पट्टीवर माझं अक्षर. दरवर्षी संक्रांतीच्या आठवड्यात मी त्या जिवाणूला जुन्या नळीतून नव्या नळीत घेते. अकरा वर्षं, एक संक्रांत चुकली नाही. सासूबाई गेल्या त्या सालीसुद्धा तेराव्यानंतर येऊन घेतलं. काम थांबवावे असं लिहिलेलं असताना हे मी करत होते. इतर कल्चरं मेली. पोरांनी निष्काळजीपणानं मारली, लाइट जाऊन मेली, काही नुसतीच रुसून मेली. हे मी मरू दिलं नाही. विभागात एक म्हण झाली होती की निवेदिता मॅडमच्या हाताखालचं कल्चर मरत नाही, आणि कुणी ती म्हटली की मी 'काही तरीच' म्हणायची आणि दिवसभर खूश असायची. या वर्षीची नळी मात्र कडेनं सुकली होती, खाद्य आक्रसून काचेपासून सुटलं होतं. मी ती उजेडात धरली आणि मनात म्हटलं, मेलेली असू दे. माझ्या हातून काही न होता, आपण होऊन मेलेली असू दे. मग मी गुरुवारी अंकितासमोर हात पसरून दाखवीन, मला वाईटही वाटेल, आणि ते वाईट वाटणं खरं असेल. मंगळवारी मी बर्नर पेटवला, जिवाणू उचलायची लूप तापवून लाल केली, गार केली, त्या सायीवरून हलकेच फिरवली आणि नव्या प्लेटवर रेघा ओढल्या. तीस वर्षं हात हेच करतो आहे. प्लेट पालथी केली, मार्करनं तळावर लिहिलं: जे-४, तारीख, नि. आणि इनक्युबेटरमध्ये ठेवून दिली.

दोन दिवस मी त्या बाईसारखी वागले जिच्या घरात कुणी आजारी आहे आणि तिला ते बरं व्हायला नको आहे. वर्गात शिकवत होते, पेपर तपासत होते, घरी कोथिंबीर निवडत होते, आणि त्या ऊबदार अंधारात तो वाढतोय की नाही हे सतत डोक्यात होतं. तिची मूळ जात हरवली म्हणजे काय झालं हेही मी घोळवत होते, चोखत होते म्हणा. खटका काढलेला जिवाणू तिच्याकडे आहे, भरपूर आहे. पण तो खटका काढल्यामुळेच राबतो हे दाखवायचं तर खटका न काढलेला त्याचा सख्खा मूळ जीव शेजारच्या वाफ्यात हवा. दोघांना एकाच वेळी, एकाच रानात, एकाच युरियावर वाढवून दाखवावं लागतं. तो मूळ जीव नसेल तर शेतावरच्या चाचणीची परवानगी नाही, काही नाही. फोटो, मथळा, लेक, सगळं राहिलं कागदावर. पुन्हा ज्वारीतून नवा काढला तर तो हा नव्हे, भाऊ असेल नाही तर चुलतभाऊ. म्हणजे तिच्याकडे सगळं होतं आणि ब्लँक नव्हती. हे सुचलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले. कुणी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पोरांनी पेपरात काय काय लिहिलंय.

गुरुवारी सकाळी तिप्पण्णांनीच इनक्युबेटर उघडला. "मॅडम, लई झकास आलीया की तुमची प्लेट!" ते तिथूनच ओरडले. मी गेले. रेघांच्या शेवटी जिवाणूंच्या एकेकट्या वसाहती आल्या होत्या, गोल, ओल्या, चमकणाऱ्या, लूप लावली तर तार निघेल अशा चिकट. मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. मला काय वाटलं ते सांगते: गर्व वाटला. बघा, मेली नाही. सुकलेल्या नळीतून उठून उभी राहिली. आणि तो गर्व ओसरायच्या आत मी ठरवलं की द्यायची नाही. प्लेट परत आत ठेवली, दार लावलं आणि तिप्पण्णांना म्हटलं, कुणाला सांगू नका. त्यांनी मान हलवली.

अंकिता तीन वाजता आली. आधी तिला प्राचार्यांनी बोलावून घेतलं होतं, त्यामुळे हातात शाल, नारळ आणि गुच्छ. तीस वर्षांत मला या कॉलेजनं एकदा शाल दिली आहे, ती बहुधा निवृत्तीला पुन्हा देतील. केस तिनं कापले होते, पायात कापडी बूट. शाल तिनं धुवायच्या बाटल्यांच्या ट्रेवर ठेवून दिली, जणू ती कुणी तरी विसरून गेलेली वस्तू आहे, आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर न बसता पोरांच्या स्टुलावर बसली. मला वाकून नमस्कार केला. मी "असू दे, असू दे" म्हटलं. तिच्या अंगाला कसल्याशा चांगल्या साबणाचा वास होता आणि तो वाससुद्धा मला सहन होत नव्हता. तिप्पण्णांना मी चहा आणायला पाठवलं. ते गेल्याची खात्री केली. ती भरभर बोलत होती. फ्रीझरमध्ये कुणाच्या तरी हातून भेसळ झाली, सहा महिन्यांपूर्वीची, कळली आत्ता. परवानगीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. "मॅडम, मला झोप नाही हो. मग आठवलं, तुमच्याकडे असणारच. तुमचं कल्चर कधी मरत नाही." हेच वाक्य ती म्हणाली. मी टेबलावरचा पेपरवेट या हातातून त्या हातात घेतला आणि म्हटलं, "मेली गं ती. मे महिन्यात दोन दिवस लाइट नव्हती. फ्रीज बंद. मी परवा लावून बघितली, काही आलं नाही."

खोटं इतकं सोपं असतं हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. तिचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत, तसेच भरलेले ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी वाट बघत होते की ती विचारेल, कुठल्या खाद्यावर लावली, किती तापमानाला, नळी दाखवा. मी असते तर विचारलं असतं. मी शिकवलंच होतं तसं, कुणी 'मेलं' म्हटलं तर आधी पुरावा माग. तिनं विचारलं नाही. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "असू द्या मॅडम. असं होतं. इथल्या फ्रीजचा काय भरवसा. आणि एवढी वर्षं कोण सांभाळतं? एखादी गोष्ट राहून जाते." मग तिचा फोन वाजला आणि तिनं तो तिथंच घेतला. "न्हाय गं आई," ती म्हणाली, आवाज एकदम जेऊरचा, "न्हाय मिळालं. मेलं ते. मॅडमचा काय दोस न्हाय, लाइट गेलती." पलीकडून बजाबाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, त्या फोनवर नेहमी शेतातून हाक मारल्यासारखं बोलतात. "बाईस्नी म्हनावं, जिवाला लावून घिऊ नगा. हितं ज्वारी हुबी हाय. पुन्यांदा न्या म्हनावं. आन जेवून जावा."

तेवढ्यात तिप्पण्णा चहा घेऊन आत आले. 'मेलं ते' त्यांनी ऐकलं होतं. कप ठेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कोपऱ्यातल्या इनक्युबेटरकडे बघितलं, खांद्यावरचा नॅपकिन काढून पुन्हा खांद्यावर टाकला आणि बाहेर गेले. मला त्यांची लाज वाटली असती तर बरं झालं असतं. बजाबाईंच्या बोलण्यानं मला पाझर फुटला असता तरी पुढे सांगायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: एखादी गोष्ट राहून जाते. मी? माझ्या हातून राहून जाते? अकरा संक्रांती! तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी! ही कालची पोर, जिला मी लूप धरायला शिकवली, जिच्या पहिल्या महिन्यातल्या प्लेटा बुरशीनं हिरव्यागार व्हायच्या, ती मला माफ करत होती, माझ्या निष्काळजीपणाबद्दल, जो मी कधी केलाच नव्हता. तिचं नाव, तिची शाल, तिची सपाट ब्लँक, सगळं मी गिळलं होतं. पण तिनं माझी कीव करावी हे मला गिळवेना. माझ्याकडे उभ्या जन्मात एकच गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती. तिच्या संस्थेतल्या लाखांच्या फ्रीझरात जे नासलं ते माझ्या गळक्या लॅबमध्ये जिवंत होतं. आणि हे तिला कधीच कळणार नव्हतं.

"थांब," मी म्हटलं. मी उठले, इनक्युबेटर उघडला, प्लेट काढली. मग लक्षात आलं, तळावर मंगळवारची तारीख आहे आणि माझी सही आहे. शेजारीच स्पिरिटचा बोळा होता. एकदा फिरवला की मार्कर निघतो, आजची तारीख टाकता आली असती, काही तरी जुळवता आलं असतं, म्हणता आलं असतं की आत्ता सापडली, दुसरी एक नळी होती. बोळा मी उचललाही. पण तारीख पुसलेली प्लेट म्हणजे कुणाची प्लेट? तिला ती बेवारशी वाटली असती, तिच्यावर तिनं विश्वास ठेवला नसता, आणि मला तर तिला दाखवायचंच होतं. बोळा खाली ठेवला आणि प्लेट तशीच तिच्या हातात दिली. तिनं आधी झाकण उजेडाकडे धरून वसाहती बघितल्या, आणि तिचा चेहरा असा उघडला की मला त्याचाही हेवा वाटला. इतका आनंद मला आता कशानं होत नाही. "जे-४!" ती म्हणाली, "मॅडम, हीच! तार बघा!" मग सवयीनं, आपण सगळेच करतो तसं, तिनं प्लेट उलटी केली आणि तळ वाचला.

तारखेवरून तिनं अंगठा फिरवला. बाहेर कुठं तरी नळाखाली तिप्पण्णा भांडी आदळत होते. मी तयार होते. तिनं रडावं, ओरडावं, का असं विचारावं, मग मी काही तरी मोठं, खरंखुरं बोलेन, तिला सगळं सांगेन, पुण्यापासून सगळं. तिनं विचारलं नाही. तिनं बॅगेतून चिकटपट्टी काढली, प्लेटच्या कडेनं दोनदा फिरवली, फॉइलमध्ये गुंडाळली. तिचे हात सफाईदार होते. माझेच हात होते ते, मी दिलेले. फॉइलवर तिनं नाव लिहिलं आणि तारीख लिहिली, मंगळवारची. मग म्हणाली, "मूळ नळी कुठाय?" 'मॅडम' म्हणाली नाही. मी म्हटलं, फ्रीजमध्ये आहे, राहू दे, संक्रांतीला मी नवी करीन, इथं एक असलेली बरी, तुमच्याकडे पुन्हा काही झालं तर.

"नको," अंकिता म्हणाली. शांतपणे म्हणाली, समजूत घालावी तसं. "तीही द्या. हितं नको ठेवायला."

तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मी फ्रीज उघडला, कापसाच्या बोळ्यांचा डबा बाजूला केला आणि नळी काढून तिच्या हातात दिली.